टॅपेट वाजू द्या

"टॅपेट वाजतायत, जरा टाइट करा." असं सांगून मीही वर्षानुवर्षं गाडी गॅरेजला सोडली. आवाज बंद म्हणजे काम झालं! ऑफिसात कुणी वॉर्निंग म्यूट करून बग सुटला म्हणालं, तर आपण त्याला सोडू का?

मग माझ्या दीडशे सीसी गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला. टॅपेट इतके टाइट, की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता. तो सीटवर नीट टेकला तरच त्याची उष्णता उतरते. नाही टेकला, तर जळतो, तोही गुपचूप. मेकॅनिकला काय बोलणार? शांतता मीच मागितली होती.

आता घरी करतो. रात्रभर थंड झालेलं इंजिन, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, दोन्ही रॉकर सैल. मॅन्युअल सांगतं: इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.१० मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली की लॉकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना सेटिंग हलतं. पहिल्यांदा दोन तास गेले. व्हॉल्व्ह टायमिंगची आकृती काढून मार्क मिळवलेल्या या इंजिनिअरने फीलर गेज तेव्हा पहिल्यांदा हातात धरला.

थोडी टकटक उरते. उरू द्या. कानाला नाही, पट्टीला विचारा.