सूर्येचं पाणी, मुरब्याची खाडी

जव्हारच्या डोंगरांत कोसळणारा पाऊस सूर्या नदीतून धामणी धरणात साठतो. त्यातला एक वाटा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला मिळतो आणि तिथून रंग-रसायनं पोटात घेऊन नवापूर-दांडी, मुरबे-सातपाटीच्या खाड्यांकडे निघतो. पाणी नासवणं म्हणजे काय, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मोखाड्याच्या बायांना विचारा. खाड्या वाचवण्याची ही लढाई एकट्या कोळीवाड्यांची नाही, आपलीही आहे.

किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने 2016 मध्ये हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांवर भरपाई बसवली. पण भरपाईने खाडी निवळत नाही. रंग कारखान्याच्या आवारातच अडवला पाहिजे.

कापड रंगवून उरलेला रंग नेहमीच्या जैविक प्रक्रियेला दाद देत नाही. तो शोषायला अनेकदा सक्रिय कोळसा वापरतात आणि तो महाग पडतो. आपल्याकडे भाताचा तूस आहे. तो जाळला की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. तिच्यात मुख्यतः सिलिका, थोडा न जळलेला कार्बन आणि असंख्य सूक्ष्म छिद्रं. मेथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग या राखेला चांगले चिकटतात. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित, ते सहजी चिकटत नाहीत. त्यांच्यासाठी राखेवर आधी प्रक्रिया करावी लागते. ‘राख टाका, काम झालं’ असं सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. शहरी कचऱ्याच्या भट्टीतली राख तर तपासल्याशिवाय वापरूच नये. तिच्यातलं शिसं, कॅडमियम पाण्यात उतरलं, तर रंग जाईल आणि विष येईल.

रंग शोषलेली राख हाही घातक कचराच. ती आपल्या राबाच्या जमिनीवर कुणी खत म्हणून आणून ओतली, तर ट्रक अडवा.

भातगिरणीवाल्यांनो, तुसाची राख ओढ्याकाठी फेकू नका, वेगळी साठवा. जव्हार, बोईसर, पालघरच्या महाविद्यालयांनो, प्रत्यक्ष कारखान्याच्या सांडपाण्यावर तिची चाचणी घ्या. कारखानदारांनो, त्यासाठी नमुने आणि खर्च द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाने निकाल मराठीत, किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला बळ दिलं आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या सभेत हा विषय लेखी मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत मंडळाकडे पाठवून शिक्क्याची पोच घ्या.