उत्तर आपोआप बाहेर येतं, मग पोट कशाला फाडता?

भिवंडीकराला 'ट्रान्झिट टाइम' समजावून सांगावा लागत नाही. इथल्या गोदामातून माल निघतो, कसारा घाट चढतो, नाशकात उतरतो. सुटल्याची वेळ माहीत, पोचल्याची वेळ माहीत, वजाबाकी केली की झालं. गाडी घाटात अडवून, ताडपत्री फाडून "बघू, माल कुठवर आलाय" असं कोणी करत नाही. केलंच, तर ती गाडी नाशकात कधी पोचली असती हे कधीच कळणार नाही.

पण अन्नाचा प्रवास मोजताना प्रयोगशाळेत नेमकं हेच चालतं.

एखाद्या औषधाने आतड्याचा वेग वाढतो की मंदावतो, हे बघायची आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतली ठरलेली पद्धत म्हणजे 'चारकोल मील'. उपाशी उंदराला नळीने कोळशाची पूड पाजायची. वीस-तीस मिनिटं थांबायचं. मग त्याला मारायचं, आतडं काढून पट्टीशेजारी पसरायचं आणि काळा रंग किती सेंटिमीटर पुढे गेला ते मोजायचं. एक उंदीर, एक आकडा. खेळ खलास.

आता दुसरी पद्धत बघा. कोळशाऐवजी कार्माइन पाजायचं. हा लाल खाद्यरंग आतड्यात शोषला जात नाही. उंदीर पिंजऱ्यात सोडायचा आणि पहिली लाल लेंडी कधी पडते ते बघायचं. काही तासांत उत्तर मिळतं, उंदीर जिवंत! काही दिवसांनी त्याच उंदरावर औषध देऊन पुन्हा मोजता येतं.

इथे आमच्यातला इंजिनिअर जागा होतो. समजा तीन डोस, प्रत्येकासाठी चार वेगवेगळे दिवस आणि दर वेळी सहा उंदीर. मारून मोजायचं तर ७२ लागतील. जिवंत ठेवून मोजायचं तर तेच १८ चारही वेळा चालतील. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, म्हणजे उंदरा-उंदरातल्या फरकाचा गोंधळही कमी. दया बाजूला ठेवा, नुसता डेटा म्हणूनही हा सौदा चांगला आहे.

आणि हे काही कालचं खूळ नाही बरं का. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन ते पोटात कसं सरकतं हे पडद्यावर बघायला सुरुवात केली. मांजर चिडलं, घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्याला तिथेच दिसलं. म्हणजे प्राण्याला जितका त्रास द्याल, तितका तुमचा आकडा खोटा! आम्ही प्रोग्रॅमर लोक हे रोज भोगतो. डीबगर लावला की बग गायब. उंदरांच्या बाबतीत तर ताणाने जठर मंदावतं आणि मोठं आतडं उलट घाईने रिकामं होतं. मग मोजलं काय, औषध की भीती?

आता काही जण म्हणतील, "लाल लेंडीवरून जठर, लहान आतडं, मोठं आतडं असा वेगवेगळा हिशोब कळत नाही." मान्य. नळीने पाजणं म्हणजे लाड नव्हेत, हेही मान्य. पण रंग खाण्यातूनही देता येतो. जठर किती वेळात रिकामं होतं हे कार्बन-१३ असलेलं अन्न देऊन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड तपासून कळतं. क्ष-किरण आणि इतर इमेजिंगही आहे. त्यात मशीन महाग, आणि भूल दिली तर आतडं मंदावतं, हे खरं. म्हणूनच मी सगळंच आज बंद करा म्हणत नाहीये. लेंडीवर भागत असेल तिथे तरी सुरी उचलू नका, एवढंच म्हणतोय.

"पण कॉलेजांना परवडायला नको?" अहो, कार्माइन, घड्याळ आणि एक वेबकॅम! लाल ठिपका ओळखणारा प्रोग्रॅम आमच्यातला कोणीही शनिवार-रविवारात लिहील. उंदीर निशाचर, त्यामुळे रात्रभर कोणी पिंजऱ्यापाशी ये-जा करून त्याला घाबरवायचीही गरज नाही.

खरी अडचण पैशाची नाही, सवयीची आहे. मागच्या प्रबंधात होतं म्हणून पुढच्यात. रसेल आणि बर्च यांनी पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा हे १९५९ मध्ये सांगितलं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ ही शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत असंच म्हणतं. प्रत्येक संस्थेत प्राणी नीती समिती असते, तिच्यापुढे प्राण्यांच्या संख्येचं कारण द्यावं लागतं. माझी मागणी एका ओळीची आहे. चारकोल मीलचा प्रस्ताव आला की समितीने विचारावं, "जिवंत ठेवून का मोजता येत नाही?" पटण्यासारखं उत्तर नसेल तर अर्ज परत.

माणसांचं बघा ना. २०२१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आठशेहून जास्त लोकांना निळे मफिन खायला घातले आणि निळा रंग संडासात कधी दिसतो ते विचारलं. झालं मोजमाप! कोणाचंही पोट फाडावं लागलं नाही :)

उंदराला सांगता येत नाही, हे खरं. पण लेंडी तर तोही टाकतोच. बघायचे कष्ट आपण घ्यायचे.