हळदीने मातीबाहेर फक्त चाळीस दिवस काढावेत

मातीविना शेतीचे व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरतात. मजल्यावर मजले चढवून एका एकरात शंभर एकरांची हळद काढण्याचे दावेही महाराष्ट्राने ऐकले. हिंगोली जिल्ह्यासाठी माझे मत यापेक्षा बरेच साधे आहे. हळदीचे रोप पहिले चाळीसेक दिवस कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवावे, पुढचे सात-आठ महिने काळ्या जमिनीतच. कारण आधी पाण्याचे आणि मग बेण्याचे. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून लागवड केली, तर ऐन उन्हाळ्यात अख्खा एकर ओला ठेवावा लागतो; ट्रेमधली रोपे शेडनेटच्या कोपऱ्यात मावतात आणि पावसाबरोबर शेतात जातात. जेठ्या गड्ड्यांचे बेणे एकरी दहा क्विंटलच्या घरात लागते. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने एका डोळ्याच्या, पाचेक ग्रॅमच्या तुकड्यापासून प्रोट्रेमध्ये रोप करण्याची पद्धत दिली आहे. एकरी वीस हजार रोपे धरली, तर हिशेब क्विंटल-दीड क्विंटलवर येतो. उरलेले गड्डे शिजवून बाजारात जातात.

खरी गोम आहे ती रोप हलवताना. पाण्यात किंवा भुसभुशीत कोकोपीटमध्ये वाढलेल्या मुळीला ओलावा शोधायची सवय नसते. पाण्यात वाढलेल्या मुळीवर केसमुळेही कमी असतात. शेडनेटमधल्या दमट हवेत पानही कोवळेच राहते. असे रोप थेट उन्हात लावले की दुपारीच माना टाकते. आपली चिकण काळी जमीन आणखी एक खोड करते: भोवतीची माती कोरडी असली, तर ती कोकोपीटच्या गोळ्यातले पाणी ओढून घेते. वरून वाफा ओला दिसतो, आत मुळाशी गोळा सुका. म्हणून लागवडीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करावे, नेट हळूहळू काढावी. आदल्या दिवशी गादीवाफा भिजवावा, गोळ्यावर बोटभर माती येईल असे लावून हाताने दाबावे आणि पहिला आठवडा ठिबकची नळी अगदी रोपाच्या बुडाशी ठेवावी.

कुणी म्हणेल, जेठा गड्डा मोठा, त्यात अन्न जास्त, त्याचा फुटवा जोमदार. हे खरेच आहे, आणि कोरडवाहूच्या भरवशावर असलेल्याने गड्डाच लावावा. पण ठिबक असलेल्या शेतात लहान तुकड्याची उणीव ट्रेमधल्या चाळीस दिवसांत बरीच भरून निघते. दुसरा आक्षेप मजुरीचा. वीस हजार रोपे हाताने लावणे खर्चाचे, यात वाद नाही. मात्र तो खर्च वाचलेल्या बेण्याच्या किमतीसमोर मांडून पाहावा, नुसता मोजू नये. तिसरा प्रश्न उत्साही मंडळींचा: मग पुढेही मातीविना, पाण्यातच का नको? कंदकुजीमुळे. पिथियम ही बुरशी पाण्यातून पसरते. शेतात एक गड्डा सडला तर आजूबाजूची चार झाडे जातात, फिरत्या पाण्याच्या टाकीत सगळीच जाऊ शकतात. शेतातले रोप उपटून पाण्यात नेले, तर मुळे कितीही धुतली तरी चिकटलेल्या मातीबरोबर रोगही जातो. शिवाय ‘वसमत हळद’ला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन या भागाच्या नावावर आहे, टाकीतल्या हळदीने ते मिरवायचे कशाच्या जोरावर?

वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र आहे, कळमनुरी तालुक्यात तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. या दोन्ही केंद्रांनी येत्या हंगामात शेतकऱ्यांच्याच शेतात सेलम जातीचा गड्डा आणि ट्रेचे रोप शेजारी शेजारी लावावे आणि बेणे, पाणी, मजुरी व सुकलेली हळद यांचा एकरी ताळेबंद गावोगाव लावावा.