जातीचा दाखला पुरेसा नाही

१९६८ साली अमेरिकी संसदेसाठी ब्रुकलिनच्या बाराव्या मतदारसंघात दोन्ही प्रमुख उमेदवार कृष्णवर्णीय होते. जेम्स फार्मर फ्रीडम राइड्सचे नामवंत नेते. पण राहायला मॅनहॅटनमध्ये, पाठिंबा रिपब्लिकन पक्षाचा. शर्ली चिशोम कारखान्यात राबणाऱ्या बापाची, शिवणकाम करणाऱ्या आईची लेक, ब्रुकलिनचीच. लहान मुलांना शिकवत पुढे आलेल्या. त्यांची घोषणा होती, 'न विकलेली, कुणाची ताबेदार नसलेली.' लोकांनी त्यांनाच दिल्लीत, म्हणजे तिकडच्या वॉशिंग्टनला, पाठवले!

पुणे करारातून आलेल्या आमच्या राखीव जागांवर तर सगळेच उमेदवार अनुसूचित जातीचे. दाखलेही खरे (बहुतेक!). म्हणून आम्ही विचारतो, तिकीट कोणाच्या वाड्यावरून आले? पैसा कोणाचा? वस्तीवर हल्ला झाला तेव्हा साहेब कुठे होते?