दोन पोप, दोन आर्चबिशप आणि पडद्यावर न आलेले मातेउस द कास्त्रो

१/ #थ्रेड
‘द टू पोप्स’ (२०१९) पाहून ‘चर्चमध्ये बदल कसा घडतो ते कळले’, असे म्हणणारे इतिहासप्रेमी पुष्कळ भेटतात. चित्रपट देखणा आहे, अभिनय अव्वल आहे. पण धर्मसत्तेत बदल कसा घडतो, हे तो दाखवत नाही, झाकतो. त्याचा पुरावा शोधायला रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबई, गोवा आणि कोल्हापूर पुरेसे आहेत.

२/ दिग्दर्शक फर्नांडो मेरेलेस. पटकथा अँथनी मॅककार्टन यांची, स्वतःच्याच नाटकावर बेतलेली. अँथनी हॉपकिन्स पोप बेनेडिक्ट सोळावे आणि जोनाथन प्राइस कार्डिनल बर्गोलिओ, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस. २०१२ साली बर्गोलिओ राजीनामा मंजूर करून घेण्यासाठी येतात; पोप तो टाळतात आणि स्वतःच पद सोडण्याचा बेत त्यांना सांगतात. बाग, पियानो, पिझ्झा, शेवटी एकमेकांपुढे पापनिवेदन. सारी कथा या भेटीवर उभी आहे.

३/ आणि अशी भेट झालेलीच नाही. नोंदलेला इतिहास असा : ११ फेब्रुवारी २०१३ रोजी बेनेडिक्ट यांनी कार्डिनलांपुढे लॅटिन भाषेत पदत्याग जाहीर केला, २८ फेब्रुवारीला पद रिक्त झाले, १३ मार्चला बर्गोलिओ निवडले गेले. १४१५मध्ये ग्रेगरी बारावे पायउतार झाले होते. त्यानंतरचा हा पहिलाच पदत्याग. दोघांनी शेजारी बसून २०१४च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला, हेही पटकथेतलेच.

४/ राजीनाम्याचेही तसेच. चर्चच्या कायद्यानुसार वयाची ७५ वर्षे पूर्ण होताच प्रत्येक बिशपने पोपकडे राजीनामा सादर करावयाचा असतो. बर्गोलिओ डिसेंबर २०११मध्ये ७५ वर्षांचे झाले. म्हणजे प्रत्यक्षात हा नियमाचा भाग होता; पडद्यावर तो विवेकाच्या तळमळीतून आलेला निषेध होतो. नियम गाळला की नायक उजळतो, ही चरित्रपटाची जुनी क्लृप्ती.

५/ चित्रपटाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. १९७६ साली अर्जेंटिनात लष्करी राजवट आली. ओर्लांदो योरिओ आणि फ्रांत्स यालिक्स या दोन जेझुइट धर्मगुरूंना पळवून पाच महिने कोंडून ठेवले गेले. त्या काळात बर्गोलिओ तेथील जेझुइटांचे प्रमुख होते. त्यांचे वर्तन पुरेसे धैर्याचे होते काय, हा प्रश्न चित्रपट टाळत नाही. हे त्याचे श्रेय.

६/ पण दुसऱ्या पापनिवेदनाकडे लक्ष द्या. बेनेडिक्ट लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांतील आपल्या कसुरीविषयी बोलू लागतात आणि ध्वनी विरून जातो. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत. पापनिवेदनाची गुप्तता राखली, असे समर्थन करता येईल. मग बर्गोलिओंचे निवेदन प्रेक्षकाने सविस्तर का ऐकावे? ज्या ठिकाणी व्यक्तीचा नव्हे तर संस्थेचा जाब द्यावा लागतो, नेमके तेथे मौन.

७/ खरा आक्षेप हाच आहे. काल्पनिक भेट रंगवणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा हा, की सत्ता कोणाकडे असावी, कोणाला नाकारली गेली, कोणत्या नियमाने नाकारली गेली, हे सारे प्रश्न दोन वृद्धांच्या मैत्रीत विरघळवले जातात. प्रेक्षक गहिवरतो. संस्था सुटते.

८/ आता मुंबई. ‘द टू पोप्स’सारखी, पण खरीखुरी घडलेली गोष्ट येथे आहे. १९३७ साली थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट मुंबईचे आर्चबिशप झाले. १९४६मध्ये गोमंतकीय कुटुंबातले व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे साहाय्यक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला, स्वतः भारताबाहेर राहिले आणि डिसेंबर १९५०मध्ये पद सोडले. ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल.

९/ युरोपीय अधिपती स्वेच्छेने बाजूला होतो आणि भारतीय उत्तराधिकारी येतो : पटकथाकाराला आणखी काय हवे? रॉबर्ट्स यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण एवढ्यावर थांबणारा चित्रपट एक कागद लपवील. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश व्यक्तीकडे जायचे. भारतीयाची पाळी त्यात नव्हतीच.

१०/ रॉबर्ट्स कितीही उदार असते, तरी हा नियम त्यांच्या औदार्याने रद्द होणार नव्हता. देश स्वतंत्र झाला, आणि जुलै १९५०च्या नव्या करारात पोर्तुगालने स्वतंत्र भारतातील बिशपनियुक्तीवरचे आपले हक्क सोडले. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रेशियस यांची नेमणूक झाली. दार एका सज्जनाने उघडून धरले खरे. कुलूप मात्र कराराने निघाले.

११/ हे कुलूप लागले कधी? पोपच्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व मिळाले होते. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. बिशप राजाच्या पसंतीचा, खर्च राजाचा, मिशनऱ्याने यायचे तेही राजाच्या संमतीने. हा ताबा सैल करण्यासाठी रोमने १६२२ साली ‘प्रोपागांदा फिदे’ हे स्वतंत्र धर्मप्रसार खाते काढले. या दोन सत्तांच्या जात्यात एक गोवेकर सापडला.

१२/ त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो. जन्म सोळाव्या शतकाच्या अखेरीस, गोव्याच्या दिवाडी बेटावर, बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात. गोव्याच्या आर्चबिशपनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, तेथे शिकले, दीक्षा घेतली. १६३७ साली त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

१३/ गोव्याने त्यांना मानले नाही. रोमची पत्रे होती. राजाची संमती नव्हती. रोमने त्यांना दिलेले क्षेत्र होते विजापूरच्या आदिलशाहीचे, आणि म्हणून त्यांनी ठाणे मांडले ते पोर्तुगीज हद्दीबाहेर, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीला. त्या काळी पन्हाळा आणि कोल्हापूरचा मुलूखही आदिलशाहीचाच होता. कागदोपत्री हा भागही त्यांच्याच धर्मक्षेत्रात येत होता, याची आज करवीरात किती जणांना कल्पना आहे?

१४/ मग यांच्यावर चित्रपट काढावा काय? जरूर. पण ‘वर्णद्वेषाशी झुंजणारा देशभक्त बिशप’ असा नायक घडवायला घेताच कागदपत्रे आडवी येतील. १६५३ साली त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याचे आवाहन करणारे लेखन केले. त्याचे नाव : ‘ब्राह्मणांचा आरसा’. रंगावरून नाकारला गेलेला हा माणूस आपला हक्क मागत होता, तो जातीच्या थोरवीवर.

१५/ आदिलशहाला आणि डचांना गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आरोप पोर्तुगीजांनी त्यांच्यावर केला. अखेर ते रोमला परतले आणि तेथेच वारले. त्यांच्यासाठी समेटाचा प्रसंग नाही, पिझ्झा नाही, सामना नाही. तरीही विजापूरच्या त्या पदावर त्यांच्यानंतर कुस्तोदिओ द पिन्हो हे गोमंतकीयच आले. माणूस हरला, पायंडा टिकला. हे दोन खुर्च्यांवर बसवून संवादातून कसे दाखवणार?

१६/ कोल्हापूरकर वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. वेदोक्त मंत्रांनी धर्मविधी करून घेण्याचा अधिकार कोणाचा, यावरच वेदोक्त प्रकरण पेटले. तेही गोड बोलण्याने मिटले नाही. राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले, अपिले झाली. १९२० साली शाहू महाराजांनी सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले, तेव्हा आक्षेप ब्राह्मणेतर चळवळीतूनही आले. बदल असा येतो : हुकूम, जप्ती, वाद आणि स्वकीयांशी मतभेद यांसह.

१७/ दोष परदेशी चित्रपटाचाच आहे, असेही नाही. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या ‘प्रभात’ने पुढे पुण्यात ‘संत तुकाराम’ (१९३६) निर्माण केला. तो मराठीचा मानबिंदूच. पण तेथेही तुकोबांच्या छळाचा भार मुख्यत्वे एका सालोमालोच्या माथी येतो. दुष्ट माणूस सापडला की व्यवस्था निर्दोष ठरते. दोन सज्जन सापडले तरी तेच.

१८/ ‘कलावंताला स्वातंत्र्य असतेच’, हे उत्तर ठरलेले. असते, असावे. पण ते स्वातंत्र्य कलावंताचे. प्रेक्षकाला इतिहासाच्या अभ्यासातून मिळालेली ती सूट नव्हे. कल्पनेने रिकामी जागा भरणे वेगळे आणि भरलेली जागा रिकामी करणे वेगळे. नियम, करार, नकार यांनी भरलेली जागा ‘द टू पोप्स’ रिकामी करतो.

१९/ तेव्हा पुढचा चरित्रपट पाहताना, तो पोपचा असो, संताचा असो वा छत्रपतींचा, तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. या पदावर कोण बसू शकतो, हे ठरवणारा नियम पडद्यावर आहे काय? ज्यांना नाकारले, त्यांना एक तरी वाक्य मिळाले काय? आणि आवाज नेमका कोठे बंद केला आहे?

२०/ रॉबर्ट्स आणि ग्रेशियस यांच्यावर उद्या चित्रपट निघाला, तर प्रेक्षकांचे डोळे पाणावतील, पाणावू देत. मात्र सुमारे चारशे वर्षांपूर्वी दिवाडीहून रोमला गेलेल्या आणि आपल्याच गावी बिशप म्हणून न स्वीकारल्या गेलेल्या माणसाचे नाव त्यात नसेल, तर ती गोष्ट अर्धीच सांगितली गेली, असे म्हणण्याची हिंमत इतिहासाच्या विद्यार्थ्याने ठेवावी.

#इतिहास #थ्रेड_समाप्त