खानदेशी बिबड्यांची चव

पदार्थाची चव केवळ कृतीनें ठरत नाहीं. भूमि, पाणी व हवा यांचाही तींत वाटा असतो, हें कृषकबंधूंनीं ध्यानांत घ्यावें. इटलींतील पार्मा येथें डुकराची मांडी मिठांत मुरवून वर्षाहून अधिक काळ वाळवितात. तेथील हवेशीं त्या स्वादाचा संबंध मानून १९९६ सालीं युरोपीय संघानें त्या नांवास संरक्षण दिलें.

हाच न्याय आपल्या बिबड्यांस लागू आहे. जळगांव-धुळ्याकडे ज्वारी तीन दिवस भिजत घालतात. त्या अवधींत धान्यावरील सूक्ष्म जंतू साखरेचें आम्ल करितात. त्यामुळें आंबूसपणा येतो व नासविणाऱ्या जंतूंस आळा बसतो. पुढें घाटा शिजवितांना ते जंतू मरतात, परंतु त्यांनीं दिलेली चव राहते. मग थापलेल्या बिबड्यांत चैत्राचें कोरडें ऊन ओल टिकूं देत नाहीं, म्हणून बुरशीस अवसर मिळत नाहीं. समुद्रकांठच्या दमट हवेंत हें काम इतक्या लवकर होत नाहीं.

विक्रीच्या घाईनें भिजवण एका रात्रीवर आणून तयार आम्ल मिसळल्यास आकार बिबड्याचा राहील, स्वाद राहणार नाहीं. जळगांवच्या केळीस व भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बिबड्यांसाठीं तसा मान मागावयाचा, तर कोणती ज्वारी, कोणतें पाणी, किती दिवस भिजवण, याची गांवोगांव नोंद ठेविली पाहिजे. दप्तरीं नोंद नसलेला हक्क सिद्ध होत नाहीं, हें सात-बारा बाळगणारांस सांगणें नलगे.