तीन वाजले होते काय?

घड्याळात तीन वाजून गेले होते की नव्हते, एवढाच काय तो वाद. २७ सप्टेंबर २०१४ हा विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि दुपारी तीन ही शेवटची वेळ. जालन्यात शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांचे अर्ज स्वीकारले गेले आणि पुढे ते २९६ मतांनी निवडून आले. पराभूत झालेले काँग्रेसचे कैलास गोरंट्याल आणि एक मतदार यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केल्या. अर्ज मुदतीनंतर घेतले गेले, हे त्यांचे मुख्य म्हणणे. पुराव्यासाठी फार लांब जायचे कारण नव्हते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनाच्या आत आणि बाहेर सरकारी व्यवस्थेनेच कॅमेरे लावलेले होते.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे कोणालाही वाटेल. चित्रफीत लावा, वेळ पाहा, निकाल द्या. पण न्यायालयात पुढे येते ती चित्रफितीची नक्कल, आणि नक्कल म्हटली की कायदा चौकशी सुरू करतो. ही तबकडी कोणत्या यंत्रावरून उतरवली? ते यंत्र नीट चालत होते काय? ते कोणाच्या ताब्यात होते? आणि हे सारे जबाबदारीने लिहून देऊन खाली सही करणारा माणूस कोण? पुराव्याच्या कायद्यात २००० साली घातलेल्या कलम ६५ ब नुसार असे प्रमाणपत्र लागत असे.

याचिकाकर्त्यांनी ते वारंवार मागितले. न्यायालयाच्या आदेशामुळे अधिकाऱ्यांनी तबकड्या दिल्या, प्रमाणपत्र मात्र दिले नाही. म्हणजे ज्यांच्या कारभाराविषयी तक्रार, त्यांच्याच सहीवाचून पुरावा लंगडा! अखेर निवडणूक निर्णय अधिकारी साक्षीला उभ्या राहिल्या आणि चित्रीकरण नेहमीच्या पद्धतीने होत होते, हे त्यांच्या तोंडून आले. खंडपीठाने ही साक्ष प्रमाणपत्राच्या जागी पुरेशी धरली आणि इतर पुराव्याचाही आधार घेऊन २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि मूळ प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला.

गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाचेच म्हणणे या बाबतीत स्थिर नव्हते. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली प्रमाणपत्रावाचून चालेल असे ठरले. केरळातल्या एका निवडणूक प्रकरणात १८ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे जालन्याचे अर्ज भरण्याच्या अवघे नऊ दिवस आधी, ते अनिवार्य ठरले. २०१८ साली पुन्हा सवलत मिळाली. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाने अशिलाला सांगायचे तरी काय? १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांनी हा घोळ मिटवला. नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते देणे नव्हतेच, त्याला अशक्य गोष्ट कायदा करायला लावणार नाही. खंडपीठाचा निकाल कायम राहिला. मात्र तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपली होती, २०१९ची निवडणूकही होऊन गेली होती आणि जालन्यातून गोरंट्याल निवडून आले होते.

एवढा काथ्याकूट कशासाठी? आपला पुराव्याचा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला, तो १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला; निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्याला तो १९५१ साली लागू झाला. ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, ऐकीव सांगू नये. कागद मूळ असावा, नक्कल असेल तर मूळ का नाही ते सांगावे, हा त्याचा गाभा. खरेदीखताची नक्कल आणि मूळ दस्त डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. यंत्रातल्या नोंदीचे तसे नाही. तिथे नक्कल मुळाइतकीच हुबेहूब, आणि बदललेली नक्कलही तितकीच हुबेहूब.

पुरावा ग्राह्य ठरला तरी तो पुरेसा आहे की नाही हा प्रश्न उरतोच. दिवाणी दाव्यात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय हे पाहतात. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. पुण्यात सासरी मरण पावलेल्या बीडच्या एका नवविवाहितेने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे १९८४च्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द होऊन आरोपी सुटला. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, हे सांगणारी पाच तत्त्वे त्या निकालात आहेत आणि न्यायालये त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. आज ती पत्रे फोनमधले संदेश असती. मग संशयाआधी प्रमाणपत्राचाच प्रश्न आला असता.

म्हणूनच ही बाब वकिलांपुरती नाही. बांधावरच्या भांडणाचे चित्रण, भाडेकरूने पाठवलेला संदेश, सासरच्या धमकीचे ध्वनिमुद्रण असा पुरावा आता घरोघरी खिशात असतो. तो चार नातेवाइकांना पुढे पाठवून मूळ फोन विकून टाकला, की हाती उरते ती नक्कल. २०२०च्या निकालात सामान्य माणसाच्या सोयीचा एक भाग आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. फोनचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, फोन आपला असल्याचे सिद्ध केले आणि तोच न्यायालयात हजर केला, तर तो मूळ पुरावा. त्याला प्रमाणपत्र लागत नाही. तेव्हा तक्रार करायची असेल तर फोन जपावा, त्यातले काही पुसू नये.

न्यायालयाने शिस्त कडक ठेवली हे योग्यच झाले. पण सरकारी कॅमेऱ्याची नक्कल देताना प्रमाणपत्रही सोबत देणे हे त्या कचेरीचे कर्तव्यच मानले पाहिजे, आणि टाळणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. न्यायाधीशांकडे अर्ज करून ते मागवता येते, हे खरे. तथापि प्रत्येक अर्ज म्हणजे आणखी एक तारीख, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण अशा तारखांतूनच जन्मली असावी.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. ६५ ब चे कलम आता ६३ झाले आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग पडले आहेत. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नोंदीची जणू अंगठ्याची खूण असलेला ‘हॅश’ नावाचा आकडाही त्यात लिहायचा. नोंदीत काडीचा बदल झाला तरी तो आकडा बदलतो. कल्पना चांगलीच आहे. मोठ्या कंपनीला तज्ज्ञ मिळेल, पोलिसांनाही मिळेल. भोकरदनच्या किंवा पैठणच्या न्यायालयात बांधाचा दावा लढणाऱ्या शेतकऱ्याने दुसऱ्या भागावर सही कोणाची आणायची आणि तिची फी किती, याचे उत्तर त्या नमुन्यात नाही.